कृत्रिम बुद्धिमत्ता व मानव-संगणक आंतरक्रिया : संशोधनाच्या दिशा (उरण परिसराच्या संदर्भात)

माणूस आणि बुद्धिमान यंत्रणा एकत्र काम करतात तेव्हा त्यांच्यात होणारी देवाणघेवाण कशी असते आणि ती सुकर, सुरक्षित व न्याय्य कशी करता येईल, याचा अभ्यास करणारे संशोधनक्षेत्र. संगणकशास्त्र, मानसशास्त्र, भाषाविज्ञान व अभिकल्प या शाखा त्यात एकत्र येतात. यंत्राला काय येते, हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न होय. यंत्र वापरणाऱ्याला त्यातले काय कळते आणि ते चुकले तर त्याला थांबवता येते का, हा आंतरक्रियेचा प्रश्न होय. यंत्रे निर्णयात भाग घेऊ लागल्यापासून हे दोन प्रश्न वेगळे ठेवता येत नाहीत.

प्रस्तुत नोंदीत या क्षेत्राच्या प्रमुख दिशा रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्याच्या संदर्भात मांडल्या आहेत. मुंबई बंदराच्या पूर्वेस असलेल्या या तालुक्यात भातशेती, मिठागरे व मासेमारी हे जुने व्यवसाय. तेल व वायूवर प्रक्रिया करणारा ओएनजीसीचा प्रकल्प, वायूवर चालणारे वीजकेंद्र, न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर आणि तालुक्याला मुंबईशी जोडणारा अटल सेतू ही गेल्या पन्नास वर्षांतील भर. कंटेनर हाताळणारी संगणकीकृत यंत्रणा आणि करंजा-मोऱ्याचे कोळीवाडे काही किलोमीटरच्या अंतरात नांदतात. त्यामुळे माणूस व यंत्र यांच्या संबंधाचे बहुतेक प्रकार येथे जवळून पाहता येतात.

ऐतिहासिक आढावा

ॲलन ट्यूरिंग यांनी १९५० मध्ये ‘यंत्र विचार करू शकेल का’ हा प्रश्न संभाषणाच्या कसोटीच्या रूपात मांडला. म्हणजे या विषयाच्या मुळाशीच माणूस व यंत्र यांचा संवाद आहे. १९५६ च्या डार्टमथ परिषदेच्या निमित्ताने ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ ही संज्ञा रूढ झाली. जे. सी. आर. लिक्लायडर यांनी १९६० मध्ये माणूस व संगणक यांच्या सहजीवनाची कल्पना मांडली. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबाउम यांच्या ‘एलायझा’ या संभाषण करणाऱ्या आज्ञावलीने दाखवून दिले, की यंत्राची वाक्ये साधी असली तरी माणसे त्यांत मन शोधतात. डग्लस एंगलबार्ट यांनी १९६८ मध्ये माउस व पडद्यावरील खिडक्यांचे प्रात्यक्षिक केले. २०१७ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना प्रसिद्ध झाली आणि आजची मोठी भाषाप्रतिमाने (मजकुरावरून भाषा शिकणाऱ्या यंत्रणा) तिच्यावर उभी राहिली.

महाराष्ट्रात या विद्येची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये ‘टिफ्रॅक’ हा भारतीय बनावटीचा संगणक सुरू झाला. मुंबई आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्र (स्थापना १९६९) आणि पुण्यातील सी-डॅक (स्थापना १९८८) यांनी देवनागरी संगणकावर आणण्यात मोलाचे काम केले. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी देवनागरीचे संगणकीय टंक घडवले. मुंबई आयआयटीतील अनिरुद्ध जोशी व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘स्वरचक्र’ हा मोबाइलचा कळफलक आणला. त्यात अक्षरे शाळेत शिकलेल्या वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली असतात. ‘क’वर बोट टेकले की त्याभोवती का, कि, की, कु अशी बाराखडी चक्राकार उमटते. वापरणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून असलेल्या ज्ञानावर यंत्र बेतायचे, हे आंतरक्रियेचे मूलतत्त्व येथे नेमके दिसते. मानव-संगणक आंतरक्रियेवरील ‘इंटरॅक्ट’ ही आंतरराष्ट्रीय परिषद २०१७ मध्ये मुंबईत भरली.

लिपी, भाषा व बोली

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात अर्ध्या ‘र’ची आडवी खूण. युनिकोडने या दुसऱ्या ‘ऱ’साठी स्वतंत्र जागा दिली आहे. पण कळफलकावर तो सहज सापडला नाही की लिहिणारा ‘दर्या’ असेच लिहून पुढे जातो. अशाच मजकुरावर भाषाप्रतिमान शिकते आणि दोन शब्दांतला भेद त्याच्याही हातून निसटतो. कळफलकातील उणीव अशी यंत्राच्या बुद्धीत उतरते.

मराठीच्या प्रतिमानांवर बरेच काम चालू आहे. मुंबई आयआयटीच्या भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्राने मराठी शब्दजाल (वर्डनेट) तयार केले. पुण्यातील एल-थ्री-क्यूब या गटाने ‘महाबर्ट’ हे प्रतिमान आणि मराठी ट्वीटांचा भावनिदर्शक संच खुला केला. केंद्र शासनाचा ‘भाषिणी’ हा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला, तर मुंबई आयआयटीच्या नेतृत्वाखालील ‘भारतजेन’ २०२४ मध्ये. या कामातला मराठीचा मोठा भाग लिखित, प्रमाण भाषेचा आहे.

उरणच्या घराघरांत बोलली जाते ती आगरी व कोळी बोली. आगरीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘डोळा’चे ‘डोला’ आणि ‘गाडी’ची ‘गारी’. हे उच्चार नियमबद्ध आहेत. ‘ण’च्या जागी ‘न’, ‘ळ’च्या जागी ‘ल’ आणि स्वरांमधल्या ‘ड’च्या जागी ‘र’ येतो. प्रमाण उच्चारांवर शिकलेली वाणी-ओळख यंत्रणा ‘गारी’ ऐकून ‘गार’ किंवा ‘गादी’ लिहू शकते. अशा वेळी बोलणारा यंत्राला दोष देत नाही. आपलेच बोलणे अशुद्ध आहे असे समजून तो गप्प बसतो किंवा फोन मुलाच्या हाती देतो. म्हणून बोलींचे ध्वनिसंच तयार करणे ही या क्षेत्रातील निकडीची दिशा आहे.

ते कसे करावे याचा एक दाखला मराठीतच उपलब्ध आहे. ‘कार्या’ या ध्वनिसंच गोळा करणाऱ्या प्रकल्पाशी संबंधित संशोधकांनी ग्रामीण अल्प-उत्पन्न, शहरी अल्प-उत्पन्न आणि विद्यापीठातील विद्यार्थी अशा तीन गटांतील ३६ जणांकडून मोबदला देऊन १०९ तासांचे मराठी ध्वनिमुद्रण गोळा केले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कष्टकरी सहभागींचे काम विद्यार्थ्यांच्या तोडीचे ठरले. कष्टकरी माणूस यंत्राचा शिक्षक होऊ शकतो आणि त्या शिकवण्याचे मोल त्याला मिळू शकते, हे त्यातून दिसले.

समुद्रावरील माहिती

हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे ‘इन्कॉइस’, उपग्रहांनी टिपलेले समुद्रपृष्ठाचे तापमान व हरितद्रव्य यांवरून मासळी सापडण्याची शक्यता असलेली क्षेत्रे कळवते. ज्या किनाऱ्यावरून होडी निघते तेथून दिशा, अंतर व खोली अशा रूपात ही माहिती दिली जाते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या मुंबईतील संशोधकांनी इन्कॉइस व केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था यांच्या साहाय्याने ‘एम-कृषी फिशरीज’ ही मोबाइल सेवा रायगड जिल्ह्यातील मच्छीमारांसोबत विकसित केली.

या कामातील अडचणी प्रयोगशाळेत सुचणाऱ्या नव्हेत. किनाऱ्यापासून साधारण १० ते १२ किमी.पुढे मोबाइलचे जाळे संपते, त्यामुळे निघण्यापूर्वी घेतलेली माहिती समुद्रात जाळ्याविना उघडता आली पाहिजे. हात ओले असतात, उन्हात पडदा दिसत नाही, होडी हलत असते. आकाश ढगाळ असले की उपग्रहाला समुद्रपृष्ठ दिसत नाही आणि सूचना खंडित होते. सर्वांत कठीण प्रश्न अनिश्चिततेचा आहे. यंत्र सांगते ती शक्यता असते, पण डिझेल जाळून तेथवर जाणारा तांडेल (होडीचा प्रमुख) तिला आश्वासन मानू शकतो. तांडेलाला वारा, पाण्याचा रंग आणि भरती-ओहोटी यांची पिढ्यांची जाण असते. ही जाण आणि उपग्रहाचा अंदाज एकमेकांशेजारी ठेवून निर्णय त्याच्याच हाती राहील अशी मांडणी कशी करावी, हा मानव-केंद्रित कृत्रिम बुद्धिमत्तेचा मूळ प्रश्न येथे उभा राहतो. मासेमारी नौकांवर उपग्रहाधारित दुहेरी संदेशयंत्रे बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेला ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे प्रारंभ झाला. योजना १ लाख यंत्रांची आहे. समुद्रातून किनाऱ्याला उत्तर देण्याची सोय झाल्याने या संशोधनाला नवे बळ मिळाले आहे.

स्वयंचलन व मानवी कौशल्य

जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. आज येथे वर्षाला २० फुटी मापाने ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळले जातात. कंटेनरवरील क्रमांकात ४ अक्षरे, ६ आकडे आणि शेवटी १ तपासअंक असतो. आधीच्या दहा चिन्हांवरून ठरावीक गणिताने हा अंक निघतो. कॅमेऱ्याने किंवा माणसाने एक चिन्ह चुकीचे वाचले, तर बहुतेक वेळा गणित जुळत नाही आणि चूक जागच्या जागी उघड होते. यंत्राने आपली चूक स्वतः दाखवावी, या तत्त्वाचे याहून साधे उदाहरण मिळणे कठीण. भाषाप्रतिमानांना असा तपासअंक नाही. ती चुकीचे उत्तरही त्याच ठामपणे देतात. उत्तराबरोबर त्याची खात्रीही कळवणारी प्रतिमाने घडवणे, ही आजच्या संशोधनाची मोठी दिशा आहे. या बंदरात कंटेनरला रेडिओ-टॅग लावून त्याचा प्रवास नोंदवणारी ‘लॉजिस्टिक्स डेटा बँक’ ही सेवाही २०१६ मध्ये सुरू झाली. कंटेनर कोठे आहे हे मालाचा मालक आता घरबसल्या पाहू शकतो.

धक्क्यावरील क्रेनचा चालक उंचावरील केबिनमध्ये बसून पायांखालच्या काचेतून खाली पाहतो आणि कंटेनर उचलतो. झोके घेणारे ओझे नेमके ट्रेलरवर टेकवण्याचे भान डोळ्यांबरोबर शरीरालाही असते. जगातील अनेक बंदरांत हा चालक दूरच्या खोलीत पडद्यासमोर बसू लागला आहे. उंचीचा धोका जातो, पण ओझ्याचा हेलकावा अंगाला कळत नाही. लिसन बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये ‘आयर्नीज ऑफ ऑटोमेशन’ या लेखात दाखवले, की स्वयंचलन नेहमीचे सोपे काम माणसाकडून काढून घेते आणि अवघड प्रसंग तेवढा त्याच्यावर सोपवते. सराव तुटलेल्या माणसाने मग तो प्रसंग कसा निभवावा?

याचे उत्तर किती निकडीचे आहे, हे जून २०१७ मध्ये न्हावा-शेव्याला कळले. ‘नॉटपेट्या’ या सायबर हल्ल्यात मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या जगभरातील संगणकयंत्रणा बंद पडल्या. त्यात या बंदरातील ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ हे टर्मिनलही सापडले. कोणता कंटेनर कोणाचा आहे हे संगणकालाच ठाऊक असल्याने काम ठप्प झाले. हातांनी काम चालवण्याचे प्रयत्न झाले आणि भार बंदरातील इतर टर्मिनलांकडे वळवावा लागला. बुद्धिमान यंत्रणा बंद पडल्यावर माणसाला ताबा घेता यावा, त्यासाठी नोंदी वाचनीय राहाव्यात आणि सराव टिकावा, ही अपेक्षा तेव्हापासून प्रत्यक्ष अनुभवावर उभी आहे.

उत्तरदायित्व

१२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू २१.८ किमी. लांबीचा असून त्याचे दुसरे टोक उरण तालुक्यात चिर्ले येथे उतरते. त्यावर वाहन न थांबवता पथकर आकारला जातो. रांग संपली, तशी खिडकीतल्या माणसाला जागच्या जागी विचारण्याची सोयही संपली. आकारणी चुकली तर कोणाला विचारायचे, निर्णयाचे कारण कोणत्या भाषेत मिळेल, चेहऱ्याच्या व वाहनाच्या नोंदी किती काळ ठेवल्या जातील, हे प्रश्न संशोधनाचे विषय आहेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे त्यांना कायद्याचीही चौकट मिळाली आहे.

सहभागी अभिकल्प

यंत्रणा ज्यांच्यासाठी आहे त्यांना ती घडवण्यातच सामील करून घेणे, म्हणजे सहभागी अभिकल्प. ही पद्धत १९७० च्या दशकात स्कँडिनेव्हियातील कामगार संघटनांच्या आग्रहातून जन्मली. नॉर्वेत क्रिस्टन नीगार्ड यांनी धातुकामगार संघटनेबरोबर काम केले आणि संगणक कामाच्या ठिकाणी येण्यापूर्वी कामगारांचे म्हणणे ऐकले जावे, असा पायंडा पाडला.

उरणच्या मातीत या विचाराला स्वतःचा इतिहास आहे. नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झाले आणि गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याच्या योजनेमागे हा लढा आहे. विकासाचा आराखडा बाधितांना न विचारता आखला तर काय घडते, हे येथील दोन पिढ्यांनी अनुभवले आहे. आता स्वयंचलन, कॅमेरे व बोलकी यंत्रे त्याच गावांत येत आहेत. तांडेल, क्रेनचालक, ट्रेलरचालक व आगरी बोलणाऱ्या गृहिणी यांचे म्हणणे चाचणीच्या शेवटच्या दिवशी घेऊन भागणार नाही. ते पहिल्या आराखड्यातच असले पाहिजे.

मूल्यमापन

प्रमाणित चाचण्यांतील गुणांवरून यंत्राची बुद्धी ठरवण्याची पद्धत आजही प्रचलित आहे. त्या गुणांतून ‘गारी’ कळली की नाही हे समजत नाही. जाळे नसताना सूचना उघडली की नाही किंवा यंत्रणा बंद पडल्यावर धक्क्यावरच्या माणसाला काम चालवता आले की नाही, हेही समजत नाही. मराठी मुलखातील संशोधनाने याच कसोट्या हाती घ्यायला हव्यात. वापरणाऱ्याला कळत नाही, त्याचे ऐकत नाही आणि चुकल्यावर त्याला थांबवता येत नाही, अशा यंत्रणेला बुद्धिमान म्हणता येणार नाही.