माळ्यावरच्या गंजिफा

स्मरणिकेसाठी आपल्या गावच्या जुन्या कलेविषयी चार ओळी लिहाव्यात, असे अध्यक्षबाईंनी सुचविले. सावंतवाडीची कला म्हटली की चितारआळी आणि तिची लाकडी फळे आपणा सर्वांच्या डोळ्यांपुढे येतात. परंतु मला प्रथम आठवतो तो आमच्या घरातला डबा.

२०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या घराची कौले उतरविली. घर जांभ्या चिऱ्याचे; वाशांना वाळवी लागलेली. घर पाडून स्लॅबचे बांधावे, असे मुंबईकर भाऊबंदांचे मत होते. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या मागारी काय ता करा." तेव्हा कुजके वासे तेवढे बदलायचे ठरले. माळा झाडताना एक सरकत्या झाकणाचा लाकडी डबा सापडला. आत रुपयापेक्षा मोठी, गोल, रंगीत पाने. सासूबाई ओटीवर बसल्या होत्या. त्या पाहताक्षणीच म्हणाल्या, "अगो, ह्ये तर गंजिफे! तुझो आजेसासरो खेळायचो."

मोजली तेव्हा ११३ भरली. दशावतारी गंजिफांत १२० पाने असतात, हे मला मागाहून कळले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा मिळून बारा पाने. तिघे खेळायला बसले तर प्रत्येकाच्या हाती चाळीस. पहिल्या पाच अवतारांत दश्शी मोठी, तर पुढच्या पाचांत एक्का मोठा. शिवाय दिवसा डाव मांडला तर रामाच्या राजाने सुरुवात आणि दिवे लागल्यावर कृष्णाच्या! एवढे ध्यानात ठेवणारी माणसे अडाणी कशी म्हणावीत?

हा खेळ तेलंगणातील विद्वान ब्राह्मणांनी सावंतांच्या दरबारी आणला असे सांगतात. आजचा राजवाडा तिसऱ्या खेमसावंतांच्या काळचा. ते १७५५ ते १८०३ पर्यंत गादीवर होते. राजाश्रय होता तोवर चिताऱ्यांच्या हाताला काम होते. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर पांढरा लेप देऊन गुळगुळीत दगडाने घोटायचे, मग चित्र काढून लाखेचा हात द्यायचा. ज्या चिंचोक्यांवर आपण लहानपणी सारीपाट खेळलो, त्यांचा हा उपयोग!

पुढे छापील पत्ते स्वस्त झाले. १९४८ साली संस्थान विलीन झाले. गंजिफा करणारा एकच वृद्ध चितारी उरला, अशी पाळी आली. तेव्हा श्रीमंत शिवरामराजे व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी ही कला हाती धरली. राणीसाहेब बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या. पण त्या वृद्ध कारागिराजवळ बसून त्या स्वतः शिकल्या, हे मला फार मोठे वाटते. १९७१ च्या सुमारास दरबार हॉलमध्येच काम सुरू झाले. जेथे मुजरे होत तेथे गावची मुले कुंचला घेऊन बसू लागली. शिवरामराजे १९९५ साली निवर्तले, राणीसाहेब २०१८ साली. काम मात्र थांबले नाही. राजवाड्याची डागडुजी होऊन २०२२ पासून त्याच्या एका भागात पाहुणे उतरतात. २०२४ साली गंजिफांना आणि आपल्या लाकडी खेळण्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले.

हे सारे वाचताना मान ताठ होते खरी; पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लग्न होऊन आले तेव्हा आमच्या कोठीत एक रंगविलेला पाट होता. कडेने वेलबुट्टी, मध्ये कमळ. एक पाय मोडलेला. एका पावसाळ्यात सुके सरपण संपले तेव्हा मी तो फोडून न्हाणीच्या चुलीत घातला. लाखेचा वास दुपारपर्यंत घरभर होता. सासूबाई बोलल्या काहीच नाहीत. तो पाट त्यांच्या लग्नातला होता, हे मला डबा सापडला त्या दिवशी कळले.

म्हणून घराच्या वेळी मी हट्टी झाले. जुन्या वस्तू विकत घेणारा एक गृहस्थ येऊन ओटीचे कोरीव खांब मागत होता; डब्यासकट चांगली रक्कम देईन म्हणाला. यजमानांचे मन क्षणभर डळमळले, कारण सुताराचे पैसे द्यायचे होते. मी नको म्हटले. खर्च वाढला, हे कबूल करते. माजघराची जमीन शेणाची ठेवण्याचा माझा बेत मात्र टिकला नाही. तेथे लाद्या आल्या. सारवणार कोण, हा सासूबाईंचा प्रश्न बिनतोड होता!

उणी सात पाने रंगवून घ्यायची आहेत. यजमान म्हणतात, नव्या रंगाची पाने जुन्यांत उठून दिसतील, दिसोत बापडी. तूर्त मुलीने पुठ्ठ्याची सात पाने कापून त्यांवर नावे लिहिली आहेत. गेल्या कोजागिरीला सासूबाई, मी आणि ती अशा तिघी ओटीवर खेळायला बसलो. रात्र होती म्हणून डाव कृष्णाचा. आणि कृष्णाचा राजा नेमका पुठ्ठ्याचा निघाला.