आडवे पडलेले डायनासोर, वाऱ्यावर फिरणारा आकाशपाळणा : बर्लिनच्या बंद पार्कची गोष्ट

गवतात आडवा पडलेला डायनासोर. पानांनी भरलेल्या हंसाच्या होड्या. आ वासलेल्या रंगीत राक्षसाच्या तोंडात शिरणारे रोलर कोस्टरचे गंजके रूळ. इंटरनेटवर हे फोटो तुम्ही कधी ना कधी पाहिले असतील, आणि पाहताना चेर्नोबिल आठवलं असेल. पण इथे ना स्फोट झाला, ना किरणोत्सर्ग. हे आहे बर्लिनमधलं श्प्रेपार्क, आणि ते बुडालं कर्जात.

१९६९ साली पूर्व जर्मनीच्या सरकारने आपल्या विसाव्या वर्धापनदिनानिमित्त श्प्रे नदीकाठच्या जंगलात हे पार्क उघडलं. तेव्हा नाव होतं कुल्टुरपार्क प्लेंटरवाल्ड. १९८९ मध्ये चाळिसाव्या वर्धापनदिनासाठी ४५ मीटर उंच नवा आकाशपाळणा बसवला. त्याच वर्षी नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली आणि वर्षभरात तो देशच उरला नाही.

पुढे जत्रेतल्या पाळण्यांच्या धंद्यात मुरलेल्या नॉर्बर्ट विट्टे यांनी पार्क चालवायला घेतलं. नवे पाळणे आले, तिकीट महाग झालं आणि गर्दी ओसरली. भोवतालचं जंगल संरक्षित, त्यामुळे पार्किंग वाढवायलाही वाव नाही. २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

जानेवारी २००२ मध्ये विट्टे कुटुंब सहा राइड्स कंटेनरमध्ये भरून थेट पेरूच्या लिमा शहरात पोचलं. या राइड्स दुरुस्तीला चालल्यात, असा अधिकाऱ्यांचा समज होता! लिमातही धंदा जमला नाही. मग 'उडता गालिचा' नावाच्या राइडच्या पोलादी खांबात दीडशे किलोहून जास्त कोकेन लपवून ते जर्मनीला पाठवायचा बेत झाला आणि तो पकडला गेला. विट्टेंना जर्मनीत ७ वर्षांची शिक्षा झाली. त्यांचा मुलगा मात्र पेरूत सापडला. तिथल्या कोर्टाने २००६ मध्ये त्याला २० वर्षं सुनावली. बापाच्या धंद्याची मोठी किंमत मुलाने मोजली, हे त्या डायनासोरच्या फोटोत कुठेच दिसत नाही. २००९ च्या 'आख्टरबान' या माहितीपटात ही सगळी कहाणी आहे.

इकडे बर्लिनमध्ये पार्क तसंच पडून राहिलं. जागेचा दीर्घ मुदतीचा करार आणि त्यावर चढलेला बोजा यांमुळे नवा मालक पुढे येईना. कुंपणावरून उड्या मारून फोटोग्राफर आत शिरू लागले. सुरक्षारक्षकांची नजर चुकवणं हाच अनेकांना अर्धा थरार वाटे. वारा सुटला की रिकामा आकाशपाळणा करकरत आपोआप फिरायचा, तो व्हिडिओ तर हमखास घेतला जायचा. 'हॅना' (२०११) या हॉलिवूडपटाचं काही शूटिंगही इथलंच.

कुंपण ओलांडणं हा जर्मनीत फौजदारी गुन्हा आहे. दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. त्यापेक्षा मोठा धोका कुजलेल्या फळ्यांचा आणि गंजलेल्या जिन्यांचा. रीतसर गाइडेड टूरही सुरू झाल्या होत्या, पण 'चोरून काढलेला' फोटो जास्त भाव खातो, त्याला काय करणार!

२०१४ मध्ये बर्लिन सरकारने जागेचा हक्क परत विकत घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लागलेल्या आगीत पार्कचा काही भाग खाक झाला. आता तिथे कला आणि निसर्ग यांची सांगड घालणारं सार्वजनिक उद्यान उभं करण्याचं काम हाती घेतलंय. त्यासाठी जानेवारी २०२१ मध्ये आकाशपाळणा उतरवण्यात आला. दुरुस्त करून तो पुन्हा बसवायचं ठरलंय. म्हणजे करकरत्या पाळण्याचा एखादा 'ताजा' व्हिडिओ फॉरवर्ड होऊन आलाच, तर तो जानेवारी २०२१ च्या आधीचा आहे हे नक्की.