बियाण्यासाठीं कायदेभंग

वाशीम जिल्हा अकोल्यांतून निराळा निघाला तो १९९८ सालीं. त्याच सालीं कर्नाटकांत नंजुंडस्वामींच्या रयत संघानें जनुक बदललेल्या कपाशीचीं प्रायोगिक पिकें जाळलीं. तरीहि २००२ च्या मार्चमध्यें बोंडअळीस मारक असें बीटी बियाणें सरकारनें संमत केलें, आणि वऱ्हाडच्या कोरडवाहू शेतकऱ्यानें तें आपलेंसें केलें. पुढें गुलाबी अळीस तें विष बाधेनासें झालें. निंदणीची मजुरीहि पेलेना. तणनाशक सोसणाऱ्या वाणास मात्र संमति नव्हती. १० जून २०१९ रोजीं शेजारच्या अकोला जिल्ह्यांत, अकोली जहांगीर येथें, शेतकरी संघटनेच्या लोकांनीं तें निषिद्ध बियाणें उघड उघड पेरलें. शिक्षा तेव्हां पांच वर्षांपर्यंत कैदेची होती! तिकडे परक्या कंपनीचें भय, इकडे सरकारी बंदीचा जाच. पेरणाऱ्यांपैकीं कांहींजणांवर गुन्हे नोंदले गेले.