पोमँडर

पोमँडर म्हणजे संत्रे, मोसंबी यांसारख्या फळाच्या सालीत लवंगा खोचून व ते सुकवून केलेली सुगंधी शोभेची वस्तू होय. हे नाव 'अंबराचे सफरचंद' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून आले.

इतिहास

दूषित हवेने प्लेग होतो, या समजुतीने मध्ययुगीन युरोपात अंबर, कस्तुरी इत्यादींचे गोळे जाळीदार डबीत घालून जवळ बाळगत. पुढे १८९८ मध्ये तत्कालीन मुंबई इलाख्यातील कराची येथे पॉल-लुई सिमों यांनी पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे दाखवले.

कृती

अहिल्यानगर, जालना जिल्ह्यांत पिकणारी मोसंबीही यासाठी चालते. दाभणाने सालीला छिद्रे पाडून लवंगा दाटीने खोचतात. फळ दालचिनीच्या पुडीत घोळवून हवेशीर जागी काही आठवडे सुकवतात. लवंगेतील युजेनॉल बुरशीला अटकाव करते. मात्र ओलावा राहिल्यास फळ कुजते.