अंगणातले विमान

माझे घर खाडीच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे. बगळ्याच्या वाटेने मोजले तर हे अंतर जेमतेम दीड मैल. पण रस्त्याने जायचे म्हणजे खाडीला वळसा घालून अकरा मैल. म्हणून मी रोज होडीने जातो. गेल्या श्रावणात एका सकाळी वारा असा सुटला की होडीवाल्या काकांनी होडी धक्क्याला बांधून टाकली आणि म्हणाले, "मास्तर, आज काही खरं नाही. एस. टी. बघा." एस. टी. बघता बघता एक तास गेला. मी शाळेत पोहोचलो तेव्हा दुसरा तास संपत आला होता. ओली छत्री कोपऱ्यात ठेवतो न ठेवतो तोच सातवीतल्या एका चुणचुणीत मुलाने विचारले, "गुरुजी, तुमच्याकडं लहानसं विमान असतं तर दोन मिनिटांत आला असता, नाही का?"

वर्ग हसला. मीही हसलो. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही मनातून जाईना. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर; त्यात कादंबऱ्या लिहिण्याची खोड. असल्या माणसाला एखादा प्रश्न चिकटला की तो सुटेपर्यंत जेवण गोड लागत नाही. पुस्तके चाळू लागलो, तेव्हा कळले की माझ्या विद्यार्थ्याचा हा प्रश्न एका अवघ्या देशाने पंचवीस-तीस वर्षे मोठ्या गंभीरपणे विचारला होता. त्याची ही हकीकत.

तो देश अमेरिका आणि आरंभ हेन्री फोर्डपासून. १९०८ साली फोर्डने 'मॉडेल टी' मोटार काढली. ती इतकी स्वस्त होती की शेतकऱ्याच्या दाराशीही मोटार उभी राहिली. १९२७ सालापर्यंत अशा दीड कोटी गाड्या रस्त्यावर आल्या. या मोटारीला लोक लाडाने 'फ्लिव्हर' म्हणत. ज्याने मोटार घरोघर नेली, तो विमानही का नेणार नाही? १९२६ च्या ३० जुलैला, आपल्या त्रेसष्टाव्या वाढदिवशी, फोर्डने एक चिमुकले विमान लोकांना दाखवले. बसायची जागा एकाच माणसापुरती; पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत अवघी बावीस फूट. लोकांनी त्याचेही नाव 'फ्लिव्हर' ठेवले.

हे विमान उडवी हॅरी ब्रुक्स नावाचा पंचविशीतला तरुण. फोर्डची त्याच्यावर मर्जी होती. आपण जशी सायकल पडवीत ठेवतो, तसे हा मुलगा विमान घरच्या गॅरेजात ठेवी आणि त्यात बसून फोर्डच्या निरनिराळ्या ठिकाणी कामाला जाई. मोटारीऐवजी विमानाने कामावर जाणारा माणूस पाहायचा असेल, तर तो हाच. अटलांटिक एकट्याने ओलांडून आलेला लिंडबर्गही १९२७ च्या ऑगस्टमध्ये फोर्डकडे आला असता त्या विमानात बसला. त्याचे मत काही फार चांगले पडले नाही. पण लोकांना मत नको होते, स्वप्न हवे होते.

१९२८ च्या फेब्रुवारीत ब्रुक्स अशाच दुसऱ्या एका फ्लिव्हरमधून मिशिगनहून दक्षिणेला फ्लोरिडाकडे निघाला. वाटेत कोठेही न उतरता त्याने सुमारे ९७० मैल कापले. एवढ्या हलक्या विमानांत तो विक्रम होता. मुक्काम मायामीला करायचा होता. तो आता हाकेच्या अंतरावर राहिला होता. २५ फेब्रुवारीला त्याने फ्लोरिडातल्याच टायटसव्हिल गावाहून उड्डाण केले आणि तो समुद्रावर गेला. विमानाचे अवशेष किनाऱ्याला लागले. ब्रुक्स कधीच सापडला नाही.

अवशेष तपासणाऱ्यांना पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरील भोकांत लाकडाच्या बारीक काड्या खोचलेल्या आढळल्या. रात्रीची दमट हवा टाकीत शिरू नये म्हणून त्या घातल्या होत्या. आता या काड्यांचे महत्त्व आमच्या वाचक भगिनींना मी काय सांगावे! दिवाळीच्या तळणासाठी तेलाचा नवा डबा फोडताना त्या एक भोक पाडून थांबत नाहीत. समोरच्या कोपऱ्यात दुसरे पाडतात. हवा आत गेल्याशिवाय तेल धड बाहेर येत नाही. पेट्रोलचेही तेच. भोके बुजली, पेट्रोल इंजिनापर्यंत येईना, इंजिन बंद पडले. मोटारीत असे झाले असते तर ब्रुक्स शिव्या देत खाली उतरला असता, झाकण उघडले असते आणि पाच मिनिटांत पुढे गेला असता. आकाशात रस्त्याच्या कडेला थांबता येत नाही. मोटार आणि विमान यांतला हा फरक एका तरुणाने प्राण देऊन दाखवला.

फोर्डला हा घाव फार लागला. चिमुकल्या विमानाचे काम त्याने थांबवले. एक फ्लिव्हर त्याच्या नावाच्या संग्रहालयात ठेवलेले आहे.

स्वप्न मात्र थांबले नाही. १९३३ साली अमेरिकन सरकारच्या विमानखात्याचे प्रमुख यूजीन व्हिडाल यांनी जाहीर केले की सातशे डॉलरांत, म्हणजे मोटारीच्या किमतीत, विमान मिळाले पाहिजे. ते चालवणे इतके सोपे हवे की कोणालाही जमावे. हे पटवून देण्यासाठी त्यांनी १९३६ साली आपल्या दहा वर्षांच्या मुलालाच विमानात बसवले आणि वार्तापटाच्या कॅमेऱ्यासमोर विमान उडवून उतरवायला लावले. तो मुलगा पुढे गोर व्हिडाल या नावाने मोठा कादंबरीकार झाला. माझ्या घरातले मत असे की ज्याला वडील दहाव्या वर्षी विमानात बसवतात, त्याने पुढे कादंबऱ्या लिहिल्या तर त्यात नवल नाही.

त्याच साली ऑक्टोबरात वॉशिंग्टनकरांनी आणखी एक गंमत पाहिली. डोक्यावर भिंगरीसारखे पाते असलेले एक यान भर शहरातल्या बागेत उतरले, रस्त्याला लागले आणि मोटारीसारखे चालत सरकारी कचेरीच्या थेट दाराशी जाऊन उभे राहिले! आकाशातून थेट कामाच्या दारात! पण असे यान सातशे डॉलरांत कोणालाच करता आले नाही, आणि व्हिडालांनी पुढे खाते सोडले.

मग दुसरे महायुद्ध आले आणि संपले. हजारो तरुण विमान चालवायला शिकून घरी परतले. आणखी हजारोंच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. आता प्रत्येकाच्या अंगणात विमान येणार, अशी सर्वांची खात्री झाली. फ्रेड वाइक या इंजिनियरने 'एर्कूप' नावाचे विमान आधीच तयार केले होते. त्यात पायाने चालवायचा सुकाणूच नव्हता. मोटारीसारखे एक चाक फिरवले की झाले. भल्याभल्या वैमानिकांचे प्राण घेणारी गिरकी हे विमान खातच नसे. १९४५ साली न्यूयॉर्कच्या मेसी या प्रचंड दुकानात कपडे आणि भांडी यांच्याबरोबर एर्कूप विक्रीला मांडले गेले. १९४६ साली अमेरिकेत सुमारे पस्तीस हजार मुलकी विमाने तयार झाली.

आणि १९४७ साली? त्याच्या निम्म्याहूनही कमी. १९४८ साली सात हजारांच्या आसपास. कारखान्यांसमोर न विकलेली विमाने उभी राहिली. काही कारखाने बुडाले.

असे का व्हावे? मी वर्गात फळ्यावर हिशोब मांडला. समजा, कचेरी वीस मैलांवर आहे आणि विमान ताशी शंभर मैल जाते. "किती वेळ लागेल?" मुले ओरडली, "बारा मिनिटं!" मी म्हटले, "बरोबर. आता घरापासून विमानतळ किती लांब? तिथवर जायला मोटार लागेल. तेल पाहायचे, पंखे पाहायचे, इंजिन तापवायचे. पलीकडे उतरल्यावर विमान दोरांनी बांधायचे. तिथून कचेरी पुन्हा चार मैल; त्याला दुसरी मोटार." फळ्यावर बेरीज तासाच्या पुढे गेली. मोटारीने गेलेला मनुष्य केव्हाच खुर्चीत बसून चहा पीत होता.

आणि हा झाला निरभ्र दिवसाचा हिशोब. धुके पडले, ढग खाली आले, वारा आडवा सुटला की बारा मिनिटांची शून्य मिनिटे होतात. कारण विमान निघतच नाही. सहलीला जाणारा मनुष्य उद्या जाईल. कामावर जाणाऱ्याला आज, घंटेच्या आत पोहोचायचे असते.

हे समजायला अमेरिकेपर्यंत जायला नको. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन 'पस मॉथ' या छोट्या विमानातून मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले, हा आपल्याकडील हवाई वाहतुकीचा ओनामा. पण ते जुहूचे मैदान म्हणजे समुद्रालगतची चिखलवट. पावसाळ्यात भरतीचे पाणी त्यावर चढे. मग दरवर्षी विमाने, वैमानिक आणि मिस्त्री असे सारे बिऱ्हाड उचलून पुण्याला येरवड्याच्या मैदानावर न्यावे लागे. टाटांनाही पावसाने जुहूवरून उठवले. तिथे माझ्यासारख्या मास्तराला खाडीकाठी कोण विचारतो?

शेवटचा मोठा डाव वॉशिंग्टन राज्यातल्या मोल्टन टेलर या गृहस्थाने टाकला. त्याची 'एरोकार' १९४९ साली प्रथम उडाली. जमिनीवर उतरल्यावर पंख आणि शेपूट सोडवायची, मागे गाड्यासारखी जोडायची आणि मोटार म्हणून चालू लागायचे. १९५६ च्या अखेरीस तिला सरकारी मान्यताही मिळाली. पण तयार झाल्या अवघ्या सहा. त्यांतली एक १९६० नंतरच्या काही वर्षांत पोर्टलँड शहराच्या एका रेडिओ केंद्राकडे होती. ती वरून घिरट्या घाली आणि खाली कोणत्या रस्त्यावर मोटारींची कोंडी झाली आहे ते श्रोत्यांना कळवी. माणसाला मोटारीपासून सोडवायला जन्मलेले यान अखेर मोटारवाल्यांना वाट सांगण्याच्या नोकरीला लागले!

मग हे सारे वेड फुकटच गेले काय? तसेही नाही. १९४६ साली कॅलिफोर्नियात फ्रेस्नो येथे 'सिएरा स्काय पार्क' नावाची वस्ती वसली. तिथे घराशेजारी विमानाची खोली आणि विमान चालत जाईल इतका रुंद रस्ता. पुढे फ्लोरिडात एका जुन्या नौदल विमानतळावर 'स्प्रूस क्रीक' ही मोठी वस्ती झाली. आणि अलास्कात तर कितीतरी गावांना रस्ताच नाही. तिथे टपाल, औषधे, रोगी आणि शाळामास्तर हे सारे लहान विमानातूनच येतात-जातात. तिथले विमान ही चैन नव्हे; ती त्यांची होडी आहे.

मला वाटते, उत्तर इथे आहे. फोर्ड, व्हिडाल, वाइक, टेलर यांपैकी मूर्ख कोणीच नव्हते. विमान स्वस्त कसे होईल, सोपे कसे होईल, याचा त्यांनी प्राणपणाने विचार केला. पण वाटेचा विचार मागे पडला. मोटार घरोघर गेली, कारण दारापासून दारापर्यंत रस्ता होता. विमानाला रस्ता लागत नाही असे आपण म्हणतो. खरे म्हणजे त्याला दोन्ही टोकांना मैदान लागते आणि मध्ये आभाळाची मर्जी लागते. जिथे ही तीन जुळली, तिथे अंगणात विमान आले. आज विजेवर चालणारी, जागच्या जागी उठणारी हवाई वाहने निघत आहेत. त्यांना माझ्या मनापासून शुभेच्छा. पण विकत घेणाऱ्याने आधी झाकणाची भोके तपासावीत आणि मग ढग.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी त्या मुलाला हे सगळे सांगितले. त्याने ब्रुक्सची गोष्ट दोनदा ऐकली. मग जरा विचार करून म्हणाला, "गुरुजी, मग विमान राहू दे. खाडीवर पूलच पाहिजे."

सुट्टीच्या दिवशी होडीत बसताना हे मी काकांना सांगितले. त्यांनी वल्हे पाण्यात टाकले, आभाळाकडे एकवार पाहिले आणि म्हणाले, "पोरगं हुशार आहे. पण पूल होईस्तोवर बसा सांभाळून."