टाकाऊतून टिकाऊ : गुनपेई योकोईची गोष्ट

गेल्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये आरती चालू होती आणि मागच्या कोपऱ्यात सात-आठ मुले हातातल्या व्हिडिओ गेमभोवती कोंडाळे करून बसली होती. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले एक आजोबा मला म्हणाले, "अहो, तुम्ही कॉम्प्युटरवाले. हे खूळ ज्याने काढले तो भेटला तर माझ्यातर्फे चार शब्द सुनवा त्याला!" मी हसून मान डोलावली. पण मंडळी, आता ते शक्य नाही. हातात मावणारा व्हिडिओ गेम घरोघरी पोचवणारा गुनपेई योकोई १९९७ सालीच गेला. आणि त्याची हकीकत कळली असती तर आजोबांनी त्याला चार शब्द सुनावण्याऐवजी चहाला बोलावले असते, असे मला वाटते.

योकोईचा जन्म १९४१ सालचा, जपानमधल्या क्योतो शहरातला. दोशिशा विद्यापीठातून तो इलेक्ट्रॉनिक्स शिकला. मोठ्या कंपन्यांत काही डाळ शिजली नाही, म्हणून १९६५ साली घराजवळच्या एका पत्ते बनवणाऱ्या कंपनीत लागला. पत्ते म्हणजे खेळायचे पत्ते! 'हानाफुदा' नावाचे फुलाफुलांचे जपानी पत्ते ही कंपनी १८८९ पासून छापत होती. तिचे नाव निन्टेन्डो. योकोईचे काम काय, तर पत्ते तयार करणारी यंत्रे बंद पडू नयेत हे बघायचे. थोडक्यात, मेंटेनन्स.

'मेंटेनन्स' म्हटले की आपल्या इंजिनीअर मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. मी स्वतः इथे एम.एस. केल्यावर पहिल्या नोकरीत वर्षभर दुसऱ्या कुणीतरी लिहिलेल्या जुनाट प्रोग्रॅममधल्या चुका शोधत होतो. त्यामुळे योकोई मला पहिल्यापासूनच आपल्यातला वाटला. फरक एवढाच, की रिकाम्या वेळात मी क्रिकेटचा स्कोअर बघायचो आणि तो कारखान्यातल्या यंत्रांवर स्वतःसाठी खेळणी बनवायचा.

असेच एक खेळणे मालकांच्या नजरेस पडले. जुन्या इमारतींतल्या लिफ्टला जाळीचा सरकता दरवाजा असे, आठवतो? तशीच लांब होणारी, मिटणारी फुलीफुलींची जाळी आणि तिच्या टोकाला वस्तू पकडणारा चिमटा. कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची हे कडक गृहस्थ. योकोईला वाटले, आता नोकरी गेली. यामाउचींनी त्याला सांगितले, ही वस्तू विकण्यासाठी तयार कर. 'अल्ट्रा हँड' नावाने १९६६ साली ती बाजारात आली, दहा लाखांहून अधिक खपली आणि योकोईची बदली यंत्रांच्या देखभालीतून खेळण्यांकडे झाली.

१९६९ मध्ये त्याने 'लव्ह टेस्टर' काढला. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा, मोकळ्या हातांत यंत्राच्या दोन मुठी धरायच्या. शरीरातून जाणारा क्षीण विद्युतप्रवाह काट्यावर दिसतो आणि तेच म्हणे तुमचे प्रेम! आपण फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला वापरलेल्या गॅल्व्हानोमीटरहून वेगळे त्यात काही नव्हते. मुलींचा हात धरायला निमित्त मिळावे हा आपला हेतू होता, असे योकोईने पुढे मोकळेपणाने कबूल केले.

या गमतीत त्याचे सगळे पुढचे आयुष्य आहे. त्याने आपल्या पद्धतीला जे जपानी नाव दिले, त्याचा शब्दशः अर्थ होतो 'वाळलेल्या तंत्रज्ञानाचा आडव्या अंगाने विचार'. मी त्याला 'मुरलेले तंत्रज्ञान' म्हणेन, लोणचे मुरते तसे. जे जुने झाले आहे, स्वस्त झाले आहे, ज्याचे सगळे गुणदोष माहीत झाले आहेत ते घ्यायचे आणि कुणी वापरले नसेल अशा जागी वापरायचे. आपल्याकडे शाळेत हस्तकलेच्या तासाला 'टाकाऊतून टिकाऊ' करायला लावत, ते याहून वेगळे नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या कंपन्यांत अशी चुरस लागली होती, की किमती पार कोसळल्या. त्याच सुमारास बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणे उगाचच दाबत बसलेला योकोईने पाहिला. मोठ्या माणसालाही चोरून खेळता येईल असे काही खिशात असावे, हे तेव्हा त्याच्या डोक्यात आले. पुढे एकदा यामाउचींचा ड्रायव्हर आजारी पडला. त्यांची परदेशी, डाव्या बाजूच्या स्टिअरिंगची गाडी चालवू शकणारा योकोई. त्याने गाडी चालवता चालवता ही कल्पना सांगून टाकली. यामाउची ज्या बैठकीला निघाले होते, तिथे त्यांच्या शेजारी नेमके शार्प या कॅल्क्युलेटर कंपनीचे प्रमुख बसले! १९८० साली 'गेम अँड वॉच' आला. कॅल्क्युलेटरचाच पडदा, तसलीच चिप, वर घड्याळ फुकट. या मालिकेतले चार कोटी चौतीस लाख खेळ जगभर खपले. त्यातल्याच १९८२ च्या 'डाँकी काँग'साठी योकोईने अधिकच्या चिन्हासारखे, चारही दिशांना दाबता येणारे बटण बसवले. ते आजच्या बहुतेक गेम कंट्रोलरवर आहे.

मूळ 'डाँकी काँग' हाही टाकाऊतूनच झाला. अमेरिकेत पाठवलेली 'रडार स्कोप' या खेळाची शेकडो यंत्रे न विकता पडून होती. त्यांत नवा खेळ घालायचे काम यामाउचींनी शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराकडे दिले आणि देखरेखीला योकोईला बसवले. १९८१ चा हा खेळ म्हणजे मारिओचा जन्म. गेमच्या निर्मात्याचे काम आपल्या नाटकाच्या निर्मात्यासारखे नुसते पैसे उभे करायचे नसते. कल्पना चाळायच्या, माणसे निवडायची, काय शक्य आहे आणि काय नाही ते सांगायचे. योकोई हे काम मनापासून करी. १९८६ चा 'मेट्रॉइड' त्याच्याच निर्मितीखाली आला. त्यातला चिलखत घातलेला वीर बाई आहे, हे शेवटी कळून त्या काळची पोरे चाट पडली होती.

आणि मग १९८९ चा 'गेम बॉय'. हिरवट पडदा, रंग नाही, मागून उजेड नाही. आतला ८-बिट प्रोसेसर सत्तरच्या दशकातल्या झेड-८० च्या घराण्यातला, म्हणजे आपण इंजिनीअरिंगला ज्या ८०८५ च्या किटवर हेक्स कोड बडवले, त्याचा चुलतभाऊच. त्याच वर्षी अटारीने रंगीत पडद्याचा 'लिंक्स' आणला, पुढच्या वर्षी सेगाने रंगीत 'गेम गिअर'. कागदावर योकोई हरलाच होता. पण गेम गिअर सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत खाऊन टाकायचा आणि गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून कितीतरी जास्त चालायचा. लिंक्स १८० डॉलरला, गेम बॉय ९० ला. सोबत रशियन 'टेट्रिस'. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून जवळजवळ ११ कोटी ८७ लाख विकले गेले. भारतात आमच्यासारख्यांच्या हाती गेम बॉय कुठला यायला! नव्वदच्या दशकात आम्ही खेळलो तो फेरीवाल्यांकडचा 'ब्रिक गेम'. निन्टेन्डोशी त्याचा संबंध नव्हता, पण कॅल्क्युलेटरसारखा पडदा, पेन्सिल सेल आणि पडणाऱ्या विटा हे कुठून आले ते उघड आहे.

आता अवघड भाग. १९९५ मध्ये योकोईचा 'व्हर्च्युअल बॉय' आला. टेबलावर ठेवून त्यात डोळे खुपसायचे. आत त्रिमितीचा आभास, पण सगळे लाल आणि काळे, कारण लाल एलईडी स्वस्त होते. मान अवघडायची, डोके दुखायचे. जेमतेम ७ लाख ७० हजार विकले गेले आणि वर्षभराच्या आत तो गुंडाळावा लागला. स्वस्त, मुरलेला भाग वापरायचा आपला नियम योकोईने इथेही पाळलाच होता. माझ्या मते चूक दुसरीकडे झाली. पूर्वी सुरुवात माणसापासून व्हायची, कंटाळलेला नोकरदार किंवा हात धरायला लाजणारी जोडी. इथे एका अमेरिकन कंपनीने पडद्याचे तंत्र आणून दाखवले आणि त्याच्यासाठी खेळ शोधणे सुरू झाले. आमच्या कन्सल्टिंगच्या धंद्यात हे दर तिमाहीला घडते आणि तरीही त्याची बिले निघतात.

१५ ऑगस्ट १९९६ ला (तारीख आपल्या लक्षात राहण्याजोगी!) योकोईने निन्टेन्डो सोडली. एकतीस वर्षांची नोकरी. व्हर्च्युअल बॉयमुळे घालवला, अशी चर्चा झाली. त्याचे स्वतःचे म्हणणे वेगळे होते. पन्नाशीनंतर आपले स्वतःचे काही करायचे हे त्याने आधीपासून ठरवले होते. तसे पाहिले तर जाण्यापूर्वी त्याने गेम बॉयची छोटी, सुबक आवृत्ती 'पॉकेट' पूर्ण करून दिली. चिडून जाणारा माणूस हातातले काम असे निस्तरून जात नाही. पण एकतीस वर्षांतल्या एका अपयशाचे नाव त्या निरोपाला कायमचे चिकटले, याची मला चुटपुट लागते.

क्योतोतच त्याने 'कोतो' ही छोटी कंपनी काढली आणि बांदाईसाठी नव्या हातातल्या खेळाचे काम घेतले. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी होकुरिकू द्रुतगती मार्गावर त्याच्या गाडीला किरकोळ अपघात झाला. काय झाले ते बघायला तो खाली उतरला आणि मागून येणाऱ्या गाडीने त्याला उडवले. वय ५६.

बांदाईचा तो 'वंडरस्वान' मार्च १९९९ मध्ये बाजारात आला. पडदा अर्थातच रंगाशिवायचा आणि चालायचा एका पेन्सिल सेलवर. सोबत रेघा जोडण्याच्या कोड्याचा एक खेळ होता. त्याचे नाव 'गुनपेई'.