झाकली मूठ

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणतात. माझ्याकडे अशा चौदा मुठी आहेत. पण सगळ्या मिळून सव्वा लाखाच्या वाऱ्यालाही उभ्या राहात नाहीत, हे सौभाग्यवतींनी तोंडी हिशेबाने सिद्ध केले आहे. मुठी म्हणजे चाकूच्या. खिशात मावणारे, मिटणारे छोटे चाकू. पात्याचे मला अप्रूप नाही. पाते काय, कापतेच. चाकूचे कूळ कळते ते मुठीवरून.

हे हत्यार गुंडाचे, हा समज हिंदी सिनेमाने करून दिला. खटक्‌कन उघडणारा तो रामपुरी. त्याचा पुतळा म्हणावा असा वीस फुटी चाकू रामपूरच्या चौकात २०२३ साली उभारला. आमचा हा छोटा चाकू मात्र मुळात कारकुनाचा. मोडी लिहायची ती बोरूने. बोरू झिजला की तो तिरका छाटायचा, मधोमध चीर द्यायची आणि पुन्हा दौतीत बुडवायचा. पेशवाई तलवारीवर उभी होती म्हणतात. असेल बुवा, पण तिचा जमाखर्च या चाकूवर उभा होता! तिकडे साहेबही पिसाची लेखणी अशीच तासत होता, म्हणून त्याने याचे नाव ठेवले पेननाइफ.

साहेबाचे चाकू यायचे शेफील्डहून. तिथल्या रॉजर्स कंपनीने १८२२ साली १८२२ पात्यांचा एक चाकू केला. सनागणिक एक पाते! तो उघडून पेन्सिल तासायची म्हटली तर ऑफिस सुटायचे. त्यांच्या उंची चाकूंना हस्तिदंताची मूठ असे. आता गंमत पाहा. एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेतले हस्तिदंत झांजीबारहून मोठ्या प्रमाणावर उतरत ते आपल्या मुंबई बंदरात, आणि इथून पुढे लंडनला जात. म्हणजे एखादा दात मुंबईहून विलायतेला जाऊन, चाकू होऊन, बॅरिस्टरसारखा सुटाबुटात मुंबईला परत आला असणे अगदी शक्य आहे. फक्त या प्रवासाचे भाडे हत्तीने भरले.

पुढे १८७० च्या सुमारास अमेरिकेत सेल्युलॉइड निघाले आणि हुबेहूब हस्तिदंती दिसणारी मूठ चार पैशांत मिळू लागली. खोट्या मुठीने खरे हत्ती वाचावेत, पण हौस कसली थांबते! शेवटी १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी आपल्याकडे हा व्यापारच बंद केला. म्हणून मटन स्ट्रीटवरच्या चोरबाजारात कोणी कानाशी येऊन ‘असली हाथीदाँत, सेठ’ म्हणाला की मी दोन पावले मागे सरतो. माल नकली असला तर पैसे जातात, असली असला तर अब्रू जाते. माझ्या चौदांत पितळेच्या पाच, शिसवीच्या चार, सेल्युलॉइडच्या तीन आणि हाडाच्या दोन. हाडाच्या दोघांना स्वयंपाकघरात प्रवेश नाही, हा आईच्या वेळचा ठराव अजून रद्द झालेला नाही.

बोरू गेला, पोलादी निब आले. चाकू पेन्सिलीकडे वळला. पेन्सिलीला टोकयंत्र मिळाले, तेव्हा बँकेत त्याला नोटांच्या बंडलांच्या पिना उचकटायचे काम लागले. नोव्हेंबर २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने नोटांना पिना मारू नका असे फर्मावले आणि तीही नोकरी गेली. प्रत्येक वेळी खाते बदलून टिकलेला असा इमानी कारकून दुसरा दाखवा!

“अहो, चौदांतला एक तरी कांदा चिरतो का?” हा घरातला कायमचा प्रश्न. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा वस्तू दारोदार हिंडून जमवल्या आणि अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने संग्रहालय उभे केले, म्हणून आज आपण त्या पाहतो. नाहीतर ते सगळे पितळेच्या भावाने मोडीत गेले असते. माझे संग्रहालय बिस्किटांच्या डब्यात आहे आणि भंगारवाल्याची हाक दर रविवारी येते. त्या वेळी मी घर सोडत नाही.